चिठ्ठीवरचं नाव

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. वेळ कितीदा तरी आली, आणि दर वेळी मी विषय बदलला, पाणी प्यायला उठलो, नाहीतर चष्मा शोधत बसलो. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. तेराव्याला जी मंडळी जमली होती त्यांत दोघी-तिघी आमच्या जयपूरच्या दिवसांतल्या होत्या. त्या हिच्या हातच्या कलेविषयी भरभरून बोलल्या. भंगारातून केलेली चित्रं, टाकून दिलेल्या मण्यांच्या माळा. "अशी बोटं देव एखादीलाच देतो," असं एक जण डोळे पुसत म्हणाली. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. माझी पत्नी फार चांगली बाई होती, पण तिला मोगऱ्याचा साधा गजराही धड ओवता येत नव्हता. मुलगा आणि मुलगी माझ्याकडे बघत होते. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. बाबा आता तरी बोलतात का, एवढंच ती दोघं बघत होती. मी बोललो नाही.

आता मला सत्त्याऐंशी वर्षं पुरी झाली. तेव्हा लिहून ठेवतो.

ती बोटं माझ्या थोरल्या बहिणीची होती. तिला सगळे आक्का म्हणत. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि बाविसाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी परत आली. वाईला आई होती तोवर आईपाशी राहिली. मी तार खात्यात चिकटलो, लग्न झालं, आणि पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी माझी बदली जयपूरला झाली. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा पाळण्यात. "दोन वर्षं येते मुलांसाठी, मग तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून आक्का आली आणि बारा वर्षं राहिली.

आम्हाला सी-स्कीम नावाच्या नव्या वसाहतीत अर्धं घर भाड्याने मिळालं. तेव्हा सी-स्कीम म्हणजे निम्मी घरं आणि निम्मी वाळू. दुपारी वारा सुटला की खिडकीच्या फटींतून वाळूची बारीक रेघ भिंतीला लागून बसे. आक्काला घरात बसून राहायची सवय नव्हती. मुलगी बालवर्गात जाऊ लागली तशी तिला पोचवून आक्का पुढे तशीच जुन्या शहरात पायी जाई. देवदर्शनाला जाते म्हणे. देवदर्शन व्हायचं, पण ते पाच मिनिटांचं. उरलेले दोन तास ती गल्ल्यांत फिरे.

तिला हिंदी येत नव्हतं. तिने स्वतःचं एक हिंदी तयार केलं होतं. "भैया, जरा सरको, मेरेकू बघने दो," असं म्हणून ती कुणाच्याही दुकानाच्या पायरीशी बसे आणि बघत राही. नगिने घासणारे, पत्र्याच्या पेट्या करणारे, कुलपं दुरुस्त करणारे. लाखेच्या बांगड्या करणारी एक म्हातारी तर तिची मैत्रीणच झाली. म्हातारी निखाऱ्यावर लाख मऊ करून लाकडी दांड्यावर वळायची आणि आक्का शेजारी उकिडवी बसून एकटक बघायची. महिन्याभरात म्हातारीने तिच्या हातात लाखेची कांडी दिली. "बाईसा, लाख को डराओ मत, मनाओ," असं ती सांगे. आक्का घरी येऊन तिची नक्कल करायची आणि मुलं खदाखदा हसायची.

परत येताना तिच्या पदराला गाठ असे. ती गाठ सुटली की ओट्यावर काय काय सांडे. बिनकिल्लीचं कुलूप, घड्याळाची दातेरी चाकं, उंटाच्या गळ्यातलं चेपलेलं घुंगरू, पतंगाच्या चरखीची मूठ, डब्यांची झाकणं. आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे, मूठ-मूठभर.

बांगड्यांचे तुकडे पहिल्यांदा आले तेव्हा ही हातातलं काम टाकून उठली.

"वन्सं, फुटक्या बांगड्या घरात आणू नयेत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"ज्यांच्या हातात अजून आहेत त्या म्हणतात गं. माझं आता कोण काय वाकडं करणार?" असं म्हणून आक्का हसली. ही हसावं की रडावं अशी उभी. शेवटी म्हणाली, "निदान देवघराजवळ नका ठेवू." तेवढं आक्काने मानलं. पाळण्याखाली एक खोकं होतं, त्यात तो सगळा ऐवज गेला.

पहिलं चित्र तिने मुलीची समजूत घालायला केलं. मुलीला उंटगाडीत बसायचं होतं, आणि उंट चावेल म्हणून आम्ही बसू देत नव्हतो. आक्काने मोडका पाट घेतला आणि त्यावर लाखेने उंटगाडी चिकटवली. डब्याच्या झाकणांची चाकं, चरखीच्या फळ्यांची गाडी. तीत एक माणूस आडवा झोपलेला, त्याचं पागोटं लाल-हिरव्या बांगड्यांच्या तुकड्यांचं. उंटाची मान म्हणजे छत्रीची वाकडी मूठ.

"आक्का, ही माझी छत्री आहे," मी म्हणालो.

"होती."

"मला विचारायचं तरी."

"जयपुरात छत्री लागते कुणाला? वर्षभरात एकदा उघडलीस, तीही वाळू आली म्हणून."

मुलगी त्या पाटासमोर तासभर बसली आणि मग म्हणाली, "आत्या, ये आदमी उठेगा कब?" "त्याचं गाव आलं की," आक्का म्हणाली. मुलगी मधूनमधून येऊन गाव आलं का ते बघून जाई.

माळांचं निराळं होतं. नगिन्यांच्या गल्लीत मण्यांना भोक पाडताना सुई तिरकी गेली की तो मणी बाद होई. असे मणी तिथे एका डब्यात टाकत. आक्काने तो डबाच मागितला. कारागीर म्हणाला, "बाईसा, यह कचरा है. माला सीधी नहीं बैठेगी." आक्का म्हणाली, "तो टेढी बैठेगी." सगळी गल्ली हसली आणि डबा मिळाला. ती प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना रेशमाची गाठ मारायची, म्हणजे मणी जसा कलला असेल तसाच राही, शेजारच्यावर जाऊन पडत नसे. गळ्यात घातल्यावर ती माळ एखाद्या फांदीसारखी दिसे, प्रत्येक पानाचं तोंड वेगळीकडे. मधे तांब्याच्या तारेचं एखादं फूल. एका माळेला तिला आठ-आठ दिवस लागत. तयार झाली की ती मुलीच्या गळ्यात घालायची, नाहीतर हिच्या. स्वतःच्या गळ्यात धरून तिने कधी पाहिली नाही. निदान मी तरी पाहिलं नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये दर थंडीत अधिकाऱ्यांच्या बायका एका मोठ्या बंगल्याच्या हिरवळीवर मेळा भरवत. कुणी लोणची मांडी, कुणी विणकाम. त्या वर्षी हिने मला न विचारता एक टेबल नोंदवलं.

"वन्संचं काम चार लोकांनी बघायला नको? पाळण्याखाली किती दिवस ठेवायचं?"

आक्का आधी नाही म्हणाली. मग आठ दिवस खोक्यातले तुकडे खालीवर करत राहिली. नवव्या दिवशी मला म्हणाली, "अरे, जाड कागद आणशील का थोडा?" तेव्हा मी ओळखलं की आक्काने मनावर घेतलं. पुढचे दोन महिने घरात लाखेचा वास भरून राहिला. पाच पाट झाले, अकरा माळा झाल्या, शिवाय कानांतली. प्रत्येक वस्तूला तिने दोऱ्याने चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर वस्तूचं नाव होतं, 'झोपलेला गाडीवान', 'कुलूपवाल्याचं दुकान', 'तिरकी माळ'. आणि खाली तिचं स्वतःचं नाव.

ते नाव बघून मी थबकलो. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. रेशनकार्डावर तेच बदललेलं नाव होतं. बाकी सगळ्यांना ती आक्का, आत्या, वन्सं. चिठ्ठीवर होतं ते आईबापांनी पाळण्यात ठेवलेलं नाव. आई गेल्यापासून त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. जयपुरात तर ते माझ्याशिवाय कुणाला माहीतही नव्हतं.

"हे नाव?" मी विचारलं.

"का? माझंच आहे की." ती चिठ्ठीवर फुंकर घालून शाई वाळवत होती. "कुणाच्या तरी घरी जाईल एखादी वस्तू. तिथे राहील भिंतीवर. असू दे."

एवढंच म्हणाली. पण वीस-बावीस चिठ्ठ्या ती संध्याकाळभर ओळीने मांडून बघत होती. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

मेळ्याच्या दिवशी ती धुवट पांढरं लुगडं नेसली, निळ्या बारीक काठाचं. निघताना विचारलं, "मी टेबलाच्या पुढे उभी राहू की मागे?"

मी म्हणालो, "तुझ्या सोयीने."

ही म्हणाली, "वन्सं, तुम्ही पुढे. मला कुणी काही विचारलं तर मी काय सांगणार? मला लाख आणि डिंक सारखेच."

पहिला तासभर लोक यायचे, बघायचे, हसायचे. "यह क्या है जी, कबाड़?" असं एक गृहस्थ म्हणाले आणि दहा मिनिटं कुलूपवाल्याच्या चित्रातलं घड्याळाचं चाक बोटाने फिरवत उभे राहिले. त्यांचा मुलगा ओढत होता तरी हलेनात. आक्का त्यांना तिच्या हिंदीत सांगत होती, "ये ताला है ना, इसकी चावी गुम गयी, तो बेचारा यहाँ आ गया." ते खो खो हसले आणि ते चित्र घेऊन गेले. आक्काने चिठ्ठी नीट आत वळवून कागदात बांधून दिली. मी तिला इतकी खुशीत पूर्वी कधी पाहिली नव्हती. गालांवर रंग चढला होता.

मग माझ्या वरिष्ठांची पत्नी आली. आपल्याकडचीच, पुण्याची, वयाने मोठी, ऐसपैस बाई. त्यांच्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं आणि निम्म्या कचेरीला आमंत्रण होतं. बाईंनी तिरकी माळ उचलली आणि उन्हात धरली.

"अगंबाई, काय सुंदर आहे! हे मणी असे मुद्दाम वाकडे बसवलेत?"

आक्का सांगायला पुढे झाली. तेवढ्यात बाईंनी चिठ्ठी वाचली. "ही कोण? इथेच असते का? मला भेटायचंय तिला. लेकीला गौरीहराशी बसताना हीच माळ घालीन म्हणते."

गौरीहराशी. हा शब्द ऐकला आणि माझी नजर आक्काच्या कपाळाकडे गेली. मला वाटलं, आता बाई विचारतील, आक्का म्हणेल 'मीच', बाई तिच्याकडे बघतील आणि माळ हळूच टेबलावर ठेवतील. सगळ्यांसमोर. बोलणार काही नाहीत, नुसती खाली ठेवतील. ते मला आक्काला बघू द्यायचं नव्हतं. असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी साहेबांचा चेहराही माझ्या डोळ्यांसमोर होता, तेही लिहायलाच हवं.

मी पत्नीकडे हात केला आणि म्हणालो, "हीच की! हिचं माहेरचं नाव आहे ते."

आपल्यात किती सोपं आहे हे. प्रत्येक बाईला एक माहेरचं नाव असतं आणि ते कुणाला माहीत नसतं. बाईंना शंका यायचं कारणच नव्हतं. "हो का! आणि आम्हाला पत्ताच नाही!" असं म्हणत त्यांनी हिचे दोन्ही हात धरले. ही माझ्याकडे बघत राहिली. तिला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर नवरा चारचौघांत खोटा पडला असता. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली आणि बाईंना तो विनय वाटला.

आक्काने उघडलेलं तोंड मिटलं. तिला कारण विचारावं लागलं नाही. तिने ती माळ घेतली, कागदात बांधली, आणि बाई समोर हात पुढे करून उभ्या असताना पुडी त्यांच्या हातात न देता हिच्या हातात दिली. हिने ती बाईंना दिली. सवाष्णीच्या हातून सवाष्णीला. मग आक्का एक पाऊल मागे सरली आणि दिवसभर तिथेच राहिली.

बाईंनी मेळाभर सांगितलं. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं.

टांग्यात ही तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसली. घराजवळ आल्यावर एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही काय बोलून बसलात?"

"सगळं खपलं ना?"

"खपवायला गेलो होतो का आपण?"

आक्का मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. मागे न बघता म्हणाली, "अगं, पुरे आता. पोरं दमलीत."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच तिने तो विषय काढला नाही. काम मात्र सोडलं नाही. बाईंचा निरोप आला की पुढच्या थंडीसाठी पाट होत, माळा होत. चिठ्ठीवर वस्तूचं नाव असे, खालची जागा कोरी. हिने दोनदा माझ्यामागे टुमणं लावलं, बाईंना खरं सांगून टाका म्हणून. मी म्हणायचो, आता सांगून काय होणार, आपणच खोटे ठरू. तिसऱ्यांदा ती बोलली नाही, पण पुढे कुणी तिच्या कलेची तारीफ केली की ती उठून स्वयंपाकघरात जाई. लोक म्हणत, किती साधी बाई.

सगळ्यांत वाईट गणपतीत होई. जयपुरातली आमची मराठी कुटुंबं एका हॉलमध्ये जमत. बाईंना ते माहेरचं नाव फार आवडलं होतं. त्या हिला त्याच नावाने हाक मारू लागल्या, आणि मोठ्या आवाजात, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून. पहिल्या वर्षी ती हाक आली तेव्हा ही काही वळली नाही. कशी वळणार? वळली आक्का. चटकन, चेहरा उजळून, लहानपणी आई हाक मारायची तेव्हा वळायची तशी. मग तिने बघितलं की हाक कुणाला आहे, आणि हिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अगं, तुला बोलावताहेत."

आम्ही जयपूर सोडलं तेव्हा बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. आक्का सामान बांधायला घरीच राहिली होती. पानं उचलल्यावर बाई लेकीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होत्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "माझं स्वतःचं मंगळसूत्र माझ्या विधवा मावशीने गाठवलंय. आई म्हणाली होती, हिच्याइतक्या मायेने दुसरं कोण गाठवणार? आमच्याकडे असलं काही मानत नाहीत." ही माझ्याकडे बघत होती. मी ताटलीतली सुपारी निवडत होतो. म्हणजे बाईंनी माळ खाली ठेवली नसती. ती मी मनातल्या मनात ठेवली, आणि आक्काला मागे सारलं ते माझ्याच घरातल्या रीतीने. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "निघतो आता, गाडी पहाटेची आहे."

आक्का वाईला चुलत भावाकडे गेली. पुढे तिची दृष्टी अधू झाली आणि काम थांबलं. मी पत्र लिहीत असे, जात मात्र फारसा नसे. एकदा ती आजारी असल्याचं कळलं आणि मी मुद्दाम एकटा गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. एसटीत वाक्यं जुळवली होती.

ती पडवीत खाटेवर बसली होती. आवाजावरून तिने मला ओळखलं आणि हाताने चाचपून शेजारी बसवलं. इकडचं तिकडचं झालं. मुलांची चौकशी झाली. मग मी म्हणालो, "आक्का, माझं चुकलंय. फार वर्षं झाली. तुझ्याशी बोलायचं होतं."

मग तिने माझा हात हातात घेतला.

"मला माहीत होतं तू हे मनाला लावून घेणार. अरे, भाऊबीजेला चार वर्षं आला नाहीस, त्यात काय एवढं? नोकरी, पोरंबाळं, लांबचा प्रवास. मी काय रुसून बसले होते? तेवढं सांगायला एवढ्या लांब आलास?" आणि तिचा चेहरा इतका फुलला! आत वळून तिने चुलत वहिनीला हाक मारली. "ऐकलंत का? भाऊबीज चुकली म्हणून माफी मागायला आलाय. असा आहे माझा भाऊ."

वहिनी दारात येऊन कौतुकाने माझ्याकडे बघू लागली.

"तेच ना रे?" आक्काने विचारलं.

मी म्हणालो, "हो. तेच."

त्या पौषात ती गेली.

मला म्हणायचं होतं, ते नव्हे, आक्का. सिव्हिल लाइन्सच्या त्या हिरवळीवर तू 'मीच' म्हणायला तोंड उघडलं होतंस. मी तुला म्हणू दिलं नाही. माझं चुकलं.